मराठी ख्रिस्ती घरांतली प्रार्थना

मराठी आणि कोकणी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांतील रोजच्या प्रार्थनेला सुमारे पावणेपाचशे वर्षांचा इतिहास आहे. तिची सुरुवात गोव्यात पोर्तुगीज अमलाखाली झाली. पुढे ती वसई, साष्टी आणि मुंबईच्या गावठाणांत रुजली. एकोणिसाव्या शतकात अहमदनगर, पुणे, सातारा या भागांत तिने पूर्ण वेगळे वळण घेतले. या सगळ्या काळात चर्चमधील उपासना कोणत्या भाषेत आणि कोणत्या विधीने व्हावी, हे बहुधा वरून ठरत आले. घरातल्या प्रार्थनेचे तसे झाले नाही. ती आज्या, आया, शाळामास्तर आणि कीर्तनकार यांच्या तोंडी वाढली. म्हणून तिचा इतिहास धर्मसत्तेच्या कागदपत्रांपेक्षा ओव्या, अभंग आणि जपमाळ यांच्या आधाराने अधिक नीट सांगता येतो.

ख्रिस्ती धर्मात दिवसाचे ठरलेले प्रहर पाळून प्रार्थना करण्याची रीत फार जुनी आहे. ती यहुदी परंपरेतून आली. ‘दिदाखे’ या अगदी आरंभीच्या ख्रिस्ती ग्रंथात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणावी, असे सांगितले आहे. पुढे मठांमध्ये सर्व दीडशे स्तोत्रे ठरावीक क्रमाने गाण्याची पद्धत पडली. शेतकऱ्याला किंवा मजुराला ते शक्य नव्हते, कारण त्याच्याकडे पुस्तक नव्हते आणि वाचताही येत नव्हते. त्याच्यासाठी जपमाळ आली. मण्यांवर मोजून ‘नमो मारिया’ म्हणायचे, दर दहा मण्यांनंतर प्रभूची प्रार्थना म्हणायची आणि त्या वेळी येशूच्या व मरियेच्या जीवनातील एकेक प्रसंग मनापुढे ठेवायचा. पूर्ण माळेत दीडशे ‘नमो मारिया’ होत आणि त्या दीडशे स्तोत्रांच्या जागी धरल्या जात. निरक्षर माणसाच्या हाती आलेले हे स्तोत्रांचे पुस्तकच होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज पाद्री गोव्यात आले तेव्हा ही माळ त्यांच्यासोबत आली.

फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला. हातात घंटा घेऊन तो रस्त्यांतून फिरे आणि मुलांना व गुलामांना धर्मशिक्षणासाठी गोळा करी. जुन्या गोव्यातील रोझरीच्या चर्चजवळ तो मुलांना विश्वासांगीकार, दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना आणि ‘नमो मारिया’ चालीवर म्हणायला शिकवत असे. शिकलेल्या मुलांनी घरी जाऊन तेच मोठ्यांना म्हणून दाखवायचे, अशी त्याची योजना होती. गोव्यात छापखाना १५५६ साली आला आणि पुढच्याच वर्षी झेवियरची धर्मशिक्षणाची छोटी पुस्तिका छापली गेली. तरीही प्रार्थना पसरली ती मुलांच्या आवाजामुळे. मुलाने घरी येऊन पाठ म्हणावा आणि आईबापांनी त्याच्या मागून म्हणावे, हा क्रम पुढची अनेक शतके टिकला.

या सुरुवातीमागची सक्ती इतिहासात झाकता येत नाही. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मचौकशीचे न्यायालय, बसले. १५६७ च्या सुमारास गोव्यातील साष्टीतील देवळे पाडली गेली. जुनी पोथीपुराणे बाळगणे धोक्याचे झाले. ज्यांचा बाप्तिस्मा झाला त्यांच्या घरात एक पोकळी निर्माण झाली. संध्याकाळी कथा ऐकायची, ओव्या म्हणायच्या, सणाच्या दिवशी पुराण लावायचे, हे पिढ्यान्पिढ्यांचे वळण एकाएकी तुटले होते. त्याच्या जागी चार-पाच पाठ प्रार्थना आल्या होत्या. त्या लहान होत्या, आणि अनेकांना त्यांचा अर्थ पुरता कळत नव्हता.

ही पोकळी ज्याने ओळखली तो इंग्लंडमधून आलेला जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स. तो १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ साली मरेपर्यंत, म्हणजे सुमारे ४० वर्षे, मुख्यतः साष्टीत राहिला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या करारातील कथा येतात आणि दुसऱ्यात येशूचे चरित्र. ग्रंथाच्या आरंभीचा प्रसंग बोलका आहे. साष्टीतील एका चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण दिले जात असताना एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की, तुम्ही आम्हाला शिकवता ते चांगलेच आहे. पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केली, तर त्यांच्या जागी वाचायला-ऐकायला तसे काही का देत नाही? सारे पुराण या मागणीचे उत्तर म्हणून उभे राहते.

या उत्तराचे मोल मोठे आहे. स्टीफन्सने येशूची कथा मराठी ओवीत, पुराणिकाच्या निरूपणाच्या ढंगात सांगितली. जागोजागी कोकणी शब्द वापरले आणि मराठी भाषेची मनापासून स्तुती केली. रविवारी आणि सणाच्या दिवशी पुराण गायले जाई आणि श्रोते ते ऐकत. पाठ केलेल्या प्रार्थनेत ज्या नावांचा नुसता उच्चार होत होता, त्या नावांना आता कथा मिळाली. माळ जपणाऱ्या बाईला येशूच्या जन्माचा किंवा क्रूसावरील मरणाचा प्रसंग मनापुढे आणायचा, तर तो प्रसंग तिने आपल्या भाषेत ऐकलेला असायला हवा होता. क्रिस्तपुराणाने ते काम केले. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने संत पीटरवर मराठी पुराण रचले. स्टीफन्सने कोकणीत लिहिलेले धर्मशिक्षणाचे प्रश्नोत्तररूप पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ साली छापले गेले. मराठीतील ख्रिस्ती वाङ्मय असे प्रार्थनेच्या गरजेतून जन्माला आले. मराठी साहित्याच्या इतिहासात क्रिस्तपुराणाची नोंद बहुधा भाषेच्या अंगाने होते, आणि त्याचा हा घरगुती, भक्तीचा उपयोग मागे पडतो.

पुढच्या काळात धोरण उलटे फिरले. १६८४ साली व्हाइसरॉय कोंदि द आल्वोर याने हुकूम काढला की स्थानिक भाषा सोडून लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला लागावे, आणि पाद्र्यांनीही त्याच भाषेत शिकवावे. १७३६ साली इन्क्विझिशनच्या फर्मानाने लग्नातील ओव्यांपासून अंगणातील तुळशीपर्यंत अनेक देशी रीती मना केल्या. चर्चमधील उपासना लॅटिनमध्ये होती, आता उपदेशही पोर्तुगीजमध्ये गेला. घरातली प्रार्थना मात्र कोकणीत चालू राहिली, कारण ज्या आजीने ती पुढे चालवायची तिला दुसरी भाषा येतच नव्हती. मंगळूरकडच्या कॅथलिकांची परंपरा सांगते की टिपू सुलतानाच्या बंदिवासाच्या काळात, चर्च आणि धर्मगुरू दोन्ही नसताना, क्रिस्तपुराणाच्या ओव्यांनी लोकांचा विश्वास जिवंत ठेवला. १९०७ साली मंगळूरलाच जे. एल. सालदान्हा यांनी या ग्रंथाची नवी आवृत्ती काढली.

गोव्याच्या गावात प्रार्थनेचा दिवस चर्चच्या घंटेवर चाले. सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला आंजेलुसची, म्हणजे मरियेच्या प्रार्थनेची, घंटा होई. संध्याकाळची घंटा ऐकू आली की शेतातला माणूस टोपी काढून उभा राही आणि रस्त्यावरची बोलणी थांबत. मग घरातल्या आल्ताराजवळ, म्हणजे वेदीजवळ, दिवा लावून ‘तेर्स’ म्हटले जाई, म्हणजे माळेचा पाच दशकांचा भाग. एकजण पुढचा अर्धा भाग म्हणे, बाकीचे उरलेला अर्धा पुरा करत. शेवटी घरातील मेलेल्यांची नावे घेऊन त्यांच्यासाठी प्रार्थना होई आणि मुले वडीलधाऱ्यांपुढे हात जोडून ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद मागत. या ठरलेल्या क्रमात घरातले मूल प्रार्थनेत वाढत जाई. आधी ते आईच्या कुशीत ऐके, मग मागून म्हणे, मग एखादे दशक त्याच्याकडे सोपवले जाई, आणि एक दिवस सगळी माळ चालवण्याचा मान त्याला मिळे. कोणत्याही ग्रंथात न लिहिलेली ही शाळा होती. तिने जे दिले ते परगावी गेलेल्या माणसालाही सोडून गेले नाही.

मुंबईतल्या गोवेकरांच्या ‘कुडी’, म्हणजे सामायिक निवासाच्या जागा, हा त्याचा सगळ्यात ठळक पुरावा आहे. एकोणिसाव्या शतकापासून गोव्यातील गावांनी धोबी तलाव, माझगाव या भागांत आपापल्या गावच्या माणसांसाठी राहण्याच्या जागा केल्या. बोटीवर काम करणारे खलाशी, आचारी, वादक, नोकरीच्या शोधात आलेले तरुण तिथे आपली पेटी ठेवून राहत. प्रत्येक कुडीत गावच्या संताचे आल्तार असे आणि रात्री सर्वांनी मिळून तेर्स म्हणण्याचा नियम असे. गाव सुटले तरी गावचे फेस्त, म्हणजे संताचा सण, आणि गावची प्रार्थना टिकावी, हा त्यामागचा हेतू होता. घरापासून दूर, अनोळखी शहरात एकट्या पडलेल्या माणसांसाठी तो नियम किती मोलाचा होता, हे कुडींच्या दीर्घ आयुष्यावरून दिसते.

वसईची कथा वेगळी आहे. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन पाद्र्यांनी तिथे चर्चे बांधली. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर युरोपीय पाद्री निघून गेले. मागे राहिलेल्या ख्रिस्ती समाजाची सेवा गोव्याकडून आलेल्या थोड्या देशी धर्मगुरूंनी केली. एका धर्मगुरूकडे कितीतरी गावे असत. अशा वेळी गावातील समाज एकत्र ठेवला तो घरातल्या माळेने, वाटेवरच्या क्रूसाने आणि वर्षाच्या सणांनी. सामवेदी आणि वाडवळ बोली बोलणाऱ्या या शेतकरी-बागायतदार समाजात लग्नाची गाणी मराठी वळणाची राहिली. प्रार्थना मात्र पोर्तुगीज, लॅटिन आणि देशी शब्दांच्या मिश्रणात म्हटल्या जात, आणि म्हणणाऱ्यांना त्यातला प्रत्येक शब्द कळत होता असे नाही. असे असूनही या प्रार्थना निरर्थक ठरल्या नाहीत. पिढ्यान्पिढ्या धर्मगुरूंच्या तुटवड्यात एखादा समाज आपला विश्वास सोडत नाही, तेव्हा त्याच्या पाठांतराला कमी लेखण्याचे कारण उरत नाही.

मुंबई बेटावरील आणि त्यालगतच्या साष्टी बेटावरील, ‘ईस्ट इंडियन’ म्हणवल्या जाणाऱ्या स्थानिक कॅथलिक समाजाची प्रार्थनाही अशीच शेतीच्या वर्षाशी बांधलेली होती. भाताचे पहिले लोंब कापून ते ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी वाजतगाजत चर्चमध्ये नेणे आणि त्यावर आशीर्वाद घेणे, हा ‘आगेरा’ सण याच समाजाचा. गोव्यात नव्या भाताच्या कणसांचे ‘कोणसाचे फेस्त’ ऑगस्टमध्ये होते. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा वांद्रे आणि आसपासच्या गावठाणांत लोकांनी जागोजागी क्रूस उभारले. मृत्यू दारोदार फिरत असताना एका आळीची माणसे एका क्रूसापुढे जमून माळ म्हणू लागली. साथ गेली, पण क्रूस राहिले, आणि मे महिन्यात त्यांच्यापुढे रोझरी म्हणण्याची प्रथा अनेक आळ्यांत टिकली. घरातली प्रार्थना अंगणाबाहेर येऊन साऱ्या आळीची झाली, ती संकटाच्या काळात.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दुसरा प्रवाह आला. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत पोचले आणि अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. १८३१ साली अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे त्यांचे मोठे केंद्र झाले. १८४२ साली तिथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले आणि १८४७ पर्यंत संपूर्ण बायबल मराठीत छापून तयार झाले. या प्रॉटेस्टंट मंडळींनी माळ, मूर्ती आणि ठरलेले पाठ बाजूला ठेवले. त्यांच्या मते खरी प्रार्थना म्हणजे पवित्र शास्त्र वाचून, आपल्या शब्दांत, मनापासून देवाशी बोलणे. कुटुंबाने सकाळी किंवा रात्री एकत्र बसावे, एक अध्याय वाचावा, एक गीत गावे आणि घरातल्या मोठ्याने सर्वांच्या वतीने मोठ्याने प्रार्थना करावी, ही त्यांची कौटुंबिक उपासना.

हे करायचे तर घरात निदान एकाला वाचता यायला हवे. अहमदनगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांत महार आणि मांग समाजातील कुटुंबे मोठ्या संख्येने होती, आणि अक्षरापासून त्यांना पिढ्यान्पिढ्या दूर ठेवले गेले होते. त्यामुळे मिशनची गावशाळा आणि प्रार्थना एकाच खोलीत भरू लागली. दिवसा शिकवणारा मास्तर रात्री कंदिलाच्या उजेडात शुभवर्तमान वाचून दाखवी. शाळेत जाणारी मुलगी घरी आईबापांसाठी अध्याय वाचे. झेवियरच्या काळात मूल पाठ केलेली प्रार्थना घरी आणत होते, आता ते वाचन आणत होते. वाचता येणाऱ्या मुलीचे घरातील स्थान यामुळे बदलले. मराठी ग्रामीण समाजात स्त्रीने पुरुषांसमोर मोठ्याने, आपल्या शब्दांत, देवाला साकडे घालावे आणि सर्वांनी शेवटी ‘आमेन’ म्हणावे, ही साधी गोष्ट नव्हती. मिशनच्या पगारावर गावोगाव फिरून बायबल सांगणाऱ्या बाया याच घरांतून तयार झाल्या.

उत्स्फूर्त प्रार्थनेलाही काही काळाने ठरीव शब्दांची सवय लागते, आणि तशी ती इथेही लागली. त्यातच परदेशी चालीची गीते मराठी गळ्यात सहज बसत नव्हती. त्यावरचा उपाय देशी माणसांनीच शोधला. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. हरिदासी कीर्तनाचा बाज, पूर्वरंग-उत्तररंगाची मांडणी, वाद्यांची साथ, आर्या आणि ओव्या, आणि आख्यान मात्र बायबलमधले. ज्यांनी कधी चर्चची पायरी चढली नसती असे लोकही ते ऐकायला येत. महार वस्त्यांत भजनाची, एकतारीची आणि कबीरपंथी गाण्याची परंपरा आधीपासून होती. तिच्या आधाराने ख्रिस्ती भजन रात्रीच्या बैठकीत रुळले. मिशनच्या कामातील मोजता येण्याजोग्या यशापेक्षा हे रुळणे अधिक खोल होते.

याच काळात महाराष्ट्रातील सुशिक्षित हिंदूंतही सामुदायिक प्रार्थनेचा विचार वाढत होता. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. रानडे आणि भांडारकर यांनी त्यात तुकारामाच्या अभंगांना मानाचे स्थान दिले. ख्रिस्ती उपासनेतील साप्ताहिक एकत्र येणे आणि वारकरी वाणी यांची ती सांगड होती. धर्मांतर न करता प्रार्थनेचे रूप बदलता येते, हे तिने दाखवले.

नारायण वामन टिळकांच्या हाती या सगळ्या धाग्यांचे वस्त्र झाले. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेल्या टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परदेशी गृहस्थाने नवा करार दिला आणि तो वाचण्याचा आग्रह केला. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने टिळकांना धरून ठेवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा जुन्या धर्मातच राहिल्या. पुढे काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. एका घरात धर्म कसा उतरतो, त्यात किती अश्रू, किती भांडणे आणि किती माया असते, हे त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आले आहे. मराठी ख्रिस्ती कुटुंबाच्या आतल्या जीवनाचे इतके खरे चित्र दुसऱ्या कुठल्या पुस्तकात सापडणार नाही.

तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, ही टिळकांची स्वतःची भावना होती. त्यांनी शेकडो गीते, अभंग आणि भजने रचली. ‘अभंगांजली’त ख्रिस्त हा दूरचा राजा राहत नाही. तो माउली होतो, गुरू होतो, सखा होतो. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत वापरल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात टिळकांच्या रचनांचा मोठा वाटा आहे. त्यांनी केवळ गीतांची भाषा मराठी केली असे म्हणणे अपुरे होईल. प्रार्थनेत देवाशी कोणत्या नात्याने बोलायचे, हे त्यांनी बदलले. मिशनरी शिकवणीतील प्रार्थनेत पापाची कबुली, आभार आणि मागणे यांचा क्रम होता. टिळकांच्या अभंगांत भेटीची ओढ आली, विरह आला, लडिवाळ तक्रार आली. शेतातून दमून आलेल्या माणसाला अशा शब्दांत प्रार्थना करणे शिकावे लागत नव्हते, कारण आई आणि आजीच्या तोंडी तो सूर त्याने ऐकलेला होता. १९१७ साली टिळकांनी सातारा येथे ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सगळे ख्रिस्तभक्त एकत्र येतील असा हा भक्तांचा मेळा व्हावा, असे त्यांच्या मनात होते. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि तो बेत वाढीस लागायच्या आत थांबला. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

टिळकांच्याच काळातील पंडिता रमाबाई आल्या त्या पुराणिकाच्या घरातून. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरत, आणि लहानपणी रमाबाईंनी भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत केले होते. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत ‘शारदा सदन’ काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात अनाथ झालेल्या मुलींना आणि विधवांना त्यांनी केडगावला आणले आणि तिथे ‘मुक्ती’ उभी राहिली. तिथे शेकडो मुली शिवण, विणकाम, शेती, दुग्धशाळा आणि छापखाना यांत काम करत, आणि प्रार्थना त्या कामाच्या दिवसातच बसवलेली होती. वेल्समधील १९०४ च्या धर्मजागृतीची बातमी आली तेव्हा रमाबाईंनी जानेवारी १९०५ मध्ये रोज पहाटे प्रार्थनेसाठी जमण्याचे आवाहन केले. सुमारे ७० जणी आल्या. जूनपर्यंत ही संख्या ५०० च्या पुढे गेली. जूनच्या अखेरीस मुक्तीत मोठी जागृती झाली. मुली रडत, पापांची कबुली देत, एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत. नंतर त्यांचे जथे आसपासच्या गावांत प्रार्थनेसाठी जाऊ लागले.

या गलक्यावर टीका झाली. शांत आणि शिस्तीच्या उपासनेची सवय असलेल्या पाश्चात्य मंडळींना तो अतिरेक वाटला. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. भारतीय माणसाने आपल्या स्वभावाप्रमाणे प्रार्थना करावी, युरोपची रीत त्याच्यावर लादू नये, असे त्यांचे म्हणणे होते. आज जगभरच्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात केडगावचे नाव आवर्जून येते, आणि ते योग्यच आहे. पण रमाबाईंनी जागृतीच्या आवेगावर भिस्त ठेवली नाही. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. अक्षरओळख असलेल्या साध्या बाईलाही कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. खिळे जुळवणे आणि छपाई मुक्तीतील स्त्रियांनीच केली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, त्याआधी हे काम हातावेगळे झाले होते. प्रार्थना टिकायची तर तिला रोजचे वाचन हवे, आणि वाचनाला कळणारी भाषा हवी, हा विचार त्या भाषांतरामागे होता.

रमाबाई गेल्या त्याच वर्षी अहमदनगरला जॅक विन्स्लो या इंग्रज पाद्रीने ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला. टिळकांच्या विचारांचा त्याच्यावर खोल ठसा होता आणि त्याने टिळकांचे इंग्रजी चरित्रही लिहिले. संघातील भारतीय व इंग्रज सदस्य खादी नेसून, शाकाहारी जेवण घेऊन, जमिनीवर बसून एकत्र राहत. दिवस ठरलेल्या प्रार्थनांनी, मौनाने आणि भजनाने बांधलेला असे. पुढे हा आश्रम पुण्यात शिवाजीनगरला आला. मराठी प्रॉटेस्टंट परंपरेत बोलक्या प्रार्थनेला जे महत्त्व होते, त्याच्या जोडीला इथे मौन आले. १९७२ साली अँग्लिकन आणि कॅथलिक भगिनींनी मिळून ‘ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम’ या नावाने तो पुन्हा सुरू केला.

वर्षातले काही दिवसही हळूहळू सर्व मंडळ्यांचे झाले. जानेवारीच्या आरंभी पाळला जाणारा प्रार्थना सप्ताह हा जगभर गेलेला उपक्रम भारतातूनच निघाला. लुधियाना येथील मिशनऱ्यांनी १८५८ साली त्याची हाक दिली आणि १८६० च्या जानेवारीत तो पहिल्यांदा पाळला गेला. मार्चच्या पहिल्या शुक्रवारचा जागतिक प्रार्थना दिन स्त्रिया चालवतात. त्या दिवशी वेगवेगळ्या पंथांच्या मराठी स्त्रिया एका चर्चमध्ये जमतात.

कॅथलिक समाजात मोठा बदल झाला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. ४ डिसेंबर १९६३ रोजी मंजूर झालेल्या उपासनेविषयीच्या दस्तऐवजाने मातृभाषेला वाट करून दिली. तोवर लॅटिन मिस्सा चालू असताना लोक आपापली माळ जपत बसत, कारण वेदीजवळ काय म्हटले जाते ते त्यांना कळत नसे. आता वसईच्या चर्चमध्ये मराठी मिस्सा होऊ लागली. हार्मोनियम आणि तबला आले, मराठी गीते आली. स्टीफन्सच्या काळात ओवीला चर्चमध्ये जागा होती, ती जागा सुमारे तीन शतकांनी मराठीला पुन्हा मिळाली. वसईत १९५५ पासून निघत असलेल्या ‘सुवार्ता’ मासिकाने या भाषेला घडवले. त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० साली प्रसिद्ध झाले. कॅथलिक घरात माळ होती, पण बायबल रोज उघडण्याची सवय फारशी नव्हती. या भाषांतराने त्या सवयीला बळ दिले. ते मराठी वाचकांपर्यंत ख्रिस्ती समाजाबाहेरही गेले, आणि २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिब्रिटो यांना मिळाले.

१९७० च्या दशकात मुंबईत कॅथलिक करिश्माई चळवळ आली आणि कॅथलिक घरांतही आपल्या शब्दांत, मोठ्याने प्रार्थना करणारे गट जमू लागले. दुसरीकडे प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उपवासकाळातील ठरलेली वाचने आणि मौनाचे दिवस पाळणारे वाढले. पूर्वी हे दोन प्रवाह एकमेकांच्या प्रार्थनेकडे संशयाने पाहत. एकाला दुसऱ्याची माळ पोकळ पाठांतर वाटे, दुसऱ्याला पहिल्याचे उत्स्फूर्त बोलणे बेशिस्त वाटे. आता टिळकांची भजने वसईच्या कॅथलिक चर्चमध्ये गायली जातात, आणि टीव्ही व कामाच्या पाळ्यांमुळे संध्याकाळची वेळ मोडल्यावर दोन्हीकडची कुटुंबे रात्री जेवणानंतर किंवा सकाळी कामावर निघण्याआधी एकत्र बसण्याची वेळ नव्याने ठरवू लागली आहेत.